काळी बगल घासू नका, आधी कारण समजून घ्या



वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन झाले की काटोल परिसरात आम्ही अधूनमधून आरोग्यावर बोलतो. समोरासमोर विचारायला संकोच वाटतो, म्हणून एक रिकामा डबा फिरवतो. ज्याला जे विचारायचे ते नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहायचे. व्यसन, पाळीचा त्रास, केस गळणे, अशा चिठ्ठ्या निघतात. आणि जवळपास दर वेळी एक प्रश्न असतोच: "बगल काळी पडली आहे, काय लावू?"

एका मुलीने लिहिले होते की लग्न दोन महिन्यांवर आले आहे, लिंबू आणि खाण्याचा सोडा लावून पाहिला, आता आग होते आणि रंग आणखी गडद झाला. एका मुलाने लिहिले होते की मान आणि दोन्ही बगला काळ्या आहेत, होस्टेलवर पोरं 'आंघोळ करत जा' म्हणून चिडवतात, दिवसातून दोनदा घासतो तरी जात नाही.

वरून दोन्ही चिठ्ठ्यांचा विषय एकच दिसतो, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. मुलीची कातडी बाहेरून दुखावली होती. मुलाची कातडी शरीराच्या आतली गोष्ट सांगत होती. दोघांनीही घासले, आणि दोघांनाही घासण्याचा उपयोग नव्हता. काखेचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बगलेचा काळेपणा नेमका कशामुळे येतो, कोणता निरुपद्रवी, कोणता दवाखान्यात दाखवायचा आणि कोणत्या उपायापासून दूर राहायचे, ते या लेखात सविस्तर मांडत आहोत.

आधी एक गोष्ट: हा मळ नाही

बगलेतला काळपटपणा साबणाच्या एका-दोन आंघोळींत गेला तर तो मळ होता. गेला नाही तर तो मळ नव्हे. मग तो दगडाने, काथ्याने किंवा प्लास्टिकच्या घासणीने घासून निघणार नाही. हे साधे वाक्य आधी मनात पक्के केले पाहिजे, कारण आपल्या समाजातल्या मुलांना 'घाणेरडा' हा शब्द फार सहज चिकटवला जातो. वर्गात मान काळी दिसली की "घासून ये" म्हणून परत पाठवलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यातल्या काहींना साबणाची नाही, रक्ततपासणीची गरज होती.

बगलेची कातडी पातळ असते, घडी पडलेली असते, तिथे घाम साचतो, हवा लागत नाही आणि कपडा सतत घासतो. म्हणून सावळ्या माणसाची बगल हातापेक्षा थोडी गडद असणे हे अगदी नेहमीचे आहे. लहानपणापासून तसाच रंग असेल, कातडी मऊ असेल, खाज-वास-खवले काही नसेल, तर तो आजार नाही आणि त्यावर उपायही नको.

गडदपणा नव्याने आला किंवा वाढत चालला असेल तर मात्र दोन प्रकार ओळखायला शिकावे. पहिल्या प्रकारात कातडीतले रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन वाढते. जखम, जळजळ किंवा पुरळ बरे होताना जसा डाग राहतो, तसे. दुसऱ्या प्रकारात कातडी जाड होते. बोट फिरवले तर मखमलीसारखी, किंचित खरखरीत लागते आणि बारीक रेघा व घड्या दिसतात. या दुसऱ्या प्रकारात काळा रंग मुख्यतः जाडीमुळे दिसतो. म्हणून त्यावर ब्लीच लावणे व्यर्थ असते.

आपल्याच हाताने होणारी इजा

पहिल्या प्रकारचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वारंवार होणारी बारीक इजा. बोथट ब्लेडने कोरडी कातडी खरडणे, एकच रेझर घरातल्या दोघा-तिघांनी वापरणे, केस काढायची क्रीम सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवणे, गरम वॅक्स ओढणे. या प्रत्येक वेळी कातडीला सूज येते. ती सूज डोळ्यांना दिसेलच असे नाही. सूज उतरताना मेलॅनिन जास्त तयार होते आणि मागे गडद छटा राहते. सावळ्या कातडीत हे अधिक होते, कारण तिच्यात रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात.

केस आत वळून उगवले की बारीक पुटकुळ्या येतात आणि प्रत्येक पुटकुळीचा एक ठिपका उरतो. असे अनेक ठिपके मिळून बगल काळी दिसू लागते.

दुसरे कारण डिओ आणि सुगंधी पावडर. सगळ्यांना त्रास होत नाही. पण काहींच्या कातडीला त्यातल्या सुगंधी रसायनाची ॲलर्जी असते. आधी खाज, मग लाली आणि शेवटी काळेपणा असा तो क्रम असतो. केस काढल्याबरोबर लगेच डिओ मारला तर त्रास वाढतो.

तिसरे कारण घाम आणि घर्षण. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात संत्र्याच्या बगीच्यात किंवा शेतात काम करणाऱ्या बायांचे ब्लाउज बहुतेक वेळा पॉलिस्टरचे आणि काखेत घट्ट असतात. घामाने ओली कातडी दिवसभर त्या शिलाईवर घासली जाते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे घट्ट टी-शर्टमध्ये धावतात आणि तोच ओला कपडा अंगावर वाळवतात. इथे उपाय औषधाचा नाहीच. सुती, काखेत थोडा सैल कपडा आणि घाम आल्यावर तो बदलणे, एवढेच पुरते.

लिंबू, सोडा आणि संत्र्याची साल

आता त्या पहिल्या चिठ्ठीकडे येऊ. मोबाईलवर दर दुसरा व्हिडिओ लिंबू आणि खाण्याचा सोडा लावायला सांगतो. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, तर सोडा उलट बाजूचा, म्हणजे अल्कधर्मी. एक भाजतो, दुसरा कातडीचे संरक्षक आवरण काढून टाकतो. दोन्हींनी जळजळ होते, आणि जळजळीनंतर काय होते ते वर सांगितलेच आहे: डाग. म्हणजे डाग घालवायचा उपायच नवा डाग देतो. त्यात लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले तर फोड येऊन महिनोन्‌महिने राहणारे काळे चट्टे पडू शकतात.

काटोल संत्र्यांचा तालुका. इथे घरोघरी साल वाळवून तिची पूड करतात आणि अंगाला लावतात. चेहऱ्याला कधीतरी उटण्यासारखी लावून धुतली तर बहुतेकांना काही होत नाही. पण बगलेसारख्या नाजूक जागी भरड पूड रगडली की कातडी ओरखडली जाते. संत्रे खावे, बगलेत चोळू नये, असे आम्ही विहारात सांगतो तेव्हा पोरी हसतात, पण लक्षात ठेवतात.

नायटा, जंतू आणि 'ती' ट्यूब

बगलेत गोल चट्टा असेल, त्याची कडा उठलेली आणि लालसर असेल, रात्री फार खाज येत असेल, तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग. चट्टा सपाट, तपकिरी, किंचित खवल्यांचा आणि जवळपास बिनखाजेचा असेल तर तो एरिथ्राझ्मा नावाचा जंतुसंसर्ग असू शकतो. डॉक्टरांनी विशिष्ट निळसर-जांभळा दिवा धरला की हा चट्टा कोरलसारखा गुलाबी चमकतो. त्यावर जंतुनाशक मलम चालते, नायट्याचे मलम दरवेळी चालेलच असे नाही. मधुमेह असलेल्यांना असे संसर्ग जास्त होतात, म्हणून ते पुन्हापुन्हा होत असतील तर साखर तपासावी.

इथे मोठी चूक घडते. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटले की अनेकदा स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक अशी तीन औषधे एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. स्टेरॉईडमुळे दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते. पण बुरशी आत पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळते. महिनोन्‌महिने वापरली तर बगलेची कातडी पातळ होऊन लाल-पांढरे पट्टे पडतात आणि ते पट्टे कायमचे राहतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची अनेक स्टेरॉईड औषधे अनुसूची 'एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, तो पाळला जावा यासाठी आपणही चिठ्ठीशिवाय मागणे थांबवले पाहिजे.

नायट्याचे उपचार काही आठवडे चालतात. खाज थांबली म्हणून औषध सोडू नये. घरात ज्यांना ज्यांना नायटा आहे त्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवावेत, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावेत.

कातडी साखरेची खबर देते तेव्हा

दुसऱ्या चिठ्ठीतल्या मुलाची कातडी जाड आणि मखमली होती. बगलेबरोबर मानही काळी होती. या प्रकाराला वैद्यकात अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. नाव अवघड असले तरी त्यामागची गोष्ट समजण्यासारखी आहे.

आपण खातो त्यातली साखर रक्तातून पेशींत पोहोचवायला इन्सुलिन लागते. पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठली, हालचाल कमी झाली, की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. काही वर्षे साखर त्यामुळे आटोक्यात राहते, रिपोर्ट चांगला दिसतो, पण रक्तात इन्सुलिन भरमसाट असते. हे जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढीचा संदेश देते. मान, बगल, जांघ अशा घडीच्या जागी कातडी जाड होऊ लागते. त्याच जागी बारीक लोंबणाऱ्या चामखिळी येतात. म्हणजे मधुमेह होण्याच्या काही वर्षे आधी कातडी आपल्याला खबर देते. आपण ती खबर घासून काढायचा प्रयत्न करतो.

मुलींमध्ये याबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करावी. थायरॉईड कमी असणे आणि दीर्घकाळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेणे हीसुद्धा कारणे असू शकतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त शहरातल्या बंगल्यातला आजार राहिलेला नाही.

बारीक माणसालाही का?

"पोरगा तर सडपातळ आहे, त्याला साखर कशी?" हा प्रश्न आम्हाला आईवडील हमखास विचारतात. त्याचे उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतून आले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गर्भवती महिलांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. बाळे छोटी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे नेते.

हा अभ्यास जातीवर नव्हता. पण वाचताना आपल्या घरांची आठवण होते. अर्धपोटी राबणाऱ्या आया, गरोदरपणातही न थांबलेली मजुरी, १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर काढलेले दिवस. त्या पोटातून आलेल्या पिढ्यांच्या वाट्याला आता एकदम पाकीटबंद खाणे, गोड चहा आणि बसून करायचे काम आले आहे. शरीर टंचाईसाठी घडलेले आणि समोर स्वस्त साखर. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नये. आशियाई शरीरासाठी डॉक्टर जोखमीची रेषा खाली धरतात: बीएमआय २३ पासून पुढे वजन जास्त समजतात, आणि कमरेचा घेर पुरुषात ९० सेंमी व स्त्रीत ८० सेंमीपेक्षा जास्त असेल तर सावध व्हायला सांगतात.

काय तपासायचे, कुठे तपासायचे

मान आणि बगल जाड-काळी झाली असेल तर पुढील तपासण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात.

- उपाशीपोटी साखर: १०० पेक्षा कमी ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता.
- एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज: ५.७ ते ६.४ टक्के उंबरठा, ६.५ किंवा जास्त मधुमेह. सिकलसेल असेल तर ही तपासणी फसवू शकते. आपल्या विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, म्हणून डॉक्टरांना ते आधीच सांगावे.
- रक्तदाब, वजन, कमरेचा घेर. गरजेनुसार थायरॉईड आणि कोलेस्टेरॉल.

एका रिपोर्टवर मधुमेह ठरवू नये. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. म्हणून सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात करावी. तिथले डॉक्टर गरज पडल्यास साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पाठवतात. ही महाविद्यालये वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे थोडे पैसे लागू शकतात, तेवढी तयारी ठेवावी. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह, रक्तदाब यांची तपासणी आशाताईंमार्फत करण्याचा सरकारी कार्यक्रमही आहे. आपल्या वस्तीत ती झाली का, हे विचारणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

तीन परिस्थितींत मात्र वेळ घालवू नये. पहिली: उतारवयात, वजन घटत असताना, काळेपणा अचानक आणि वेगाने वाढला, तळहात किंवा तोंडातही कातडी जाड झाली. हे क्वचित पोटातल्या कर्करोगाचे लक्षण असते. दुसरी: सगळे अंग, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळ्या पडत आहेत, थकवा आणि चक्कर आहे. ग्रंथींचा आजार असू शकतो. तिसरी: बगलेत गाठ, पू किंवा वारंवार फुटणारे दुखरे गळू आहे.

मग उपाय काय?

कारण बाहेरचे असेल तर आधी कारण थांबवावे. दोन-तीन महिने डिओ, ब्लीच, घासणी, लिंबू, सोडा सगळे बंद. साधा सौम्य साबण, स्वच्छ पाणी, नीट कोरडे करणे आणि खाज-कोरडेपणा असेल तर साधे मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन. केस काढायचेच असतील तर आंघोळीनंतर कातडी मऊ असताना, साबणाचा फेस लावून, स्वतःच्या धारदार रेझरने, केसांच्या दिशेने. कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक केले तरी चालतात. मुळात बगलेचे केस काढणे ही स्वच्छतेची अट नाही. ठेवायचे की काढायचे, हा ज्याच्या त्याच्या शरीराचा निर्णय आहे.

कारण आतले असेल तर उपायही आतून करावा लागतो. जास्त वजन असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी केले तरी इन्सुलिनचा भार उतरतो आणि कातडी हळूहळू मऊ होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा सायकल, आणि दोन दिवस उठाबशा-जोर यांसारखे स्नायूंचे व्यायाम. चहातली साखर अर्धी करत करत बंद. थंड पेये आणि बिस्किटांचे पुडे घरात आणू नयेत. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हरभरा, पालेभाजी, अंडी, मासे हे आपलेच जेवण चांगले आहे, फक्त भात-पोळीचा ढीग कमी आणि वरण-भाजी जास्त. संत्र्याचा रस गाळून साखर टाकून पिण्यापेक्षा अख्खे संत्रे खावे. गरज असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिनसारखी गोळी देतात. ती शेजाऱ्याची उचलून घेऊ नये.

जाड कातडी मऊ करण्यासाठी युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडची क्रीम, डागांसाठी ॲझेलेइक ॲसिड, नियासिनामाइड किंवा ट्रेटिनॉइन, अशी औषधे त्वचारोगतज्ज्ञ देतात. ट्रेटिनॉइन गरोदरपणात वापरत नाहीत. हायड्रोक्विनोन नावाचे औषध दीर्घकाळ मनाने लावले तर कातडी निळसर-काळी पडू शकते. म्हणून मैत्रिणीने सांगितले म्हणून यातले काहीही आणू नये.

वेळ लागतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चांगला फरक दिसायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. सात दिवसांत फरक सांगणारा एकतर खोटे बोलतो किंवा काहीतरी घातक विकतो.

घातक म्हणजे किती घातक: अकोल्याचे उदाहरण

जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका तरुणीने गोरे करणारी स्थानिक क्रीम वापरायला सुरुवात केली. घरातल्या आई आणि बहिणीनेही ती लावली. पुढे तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधताना क्रीमची तपासणी झाली आणि तिच्यात पारा सापडला.

पारा कातडीतले रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून काही दिवसांत रंग खरोखर उजळतो आणि विश्वास बसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात एका ठराविक प्रकारचे १५ जण निघाले आणि त्यातले १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडल्यास, क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि बॅच नंबर नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. पार्लरमध्ये साध्या डबीत भरून मिळणारी 'स्पेशल' क्रीम तर नकोच. अशी क्रीम वापरून पायावर सूज, लघवीला फेस किंवा चेहरा सुजणे असे काही झाले असेल तर क्रीम ताबडतोब बंद करावी, डबी फेकू नये, ती घेऊन डॉक्टरांकडे जावे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

रंगाची लाज कुठून आली?

हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. पण डबीवरचा शब्द बदलला म्हणून मनातला शब्द जात नाही. आपल्याही समाजात स्थळ पाहताना 'मुलगी उजळ आहे का' विचारतात. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच घरात सुनेच्या रंगावर कुजबुज होते. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात जातीचा वंशाशी संबंध जोडणारा दावा खोडून काढला. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच्याही कितीतरी आधी, सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी दोन ब्राह्मण तरुणांना समजावले आहे की झाडे, किडे, पशू, पक्षी यांच्यात जातीची वेगळी चिन्हे असतात, माणसांत तशी नसतात, वर्णातही नाहीत. मग ज्या रंगाला जातीच्या उतरंडीने खालचा ठरवले, त्याला आपणच खालचा का मानायचा? आणि ज्या समाजाला 'अस्वच्छ' म्हणून पाण्यापासून दूर ठेवले, त्याच्या मुलाने काळी मान पाहून स्वतःला अस्वच्छ का समजायचे?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली आणि उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खू संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तिथे घृणा नव्हती, आजार होता आणि त्याची काळजी होती. आपण शरीराकडे, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही, असेच पाहायला शिकले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे

विहारात एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि एक रक्तदाबाचे यंत्र ठेवावे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास मोजमाप करावे, आकडा मोठ्याने वाचू नये, चिठ्ठीवर लिहून हातात द्यावा. ज्यांची मान-बगल जाड काळी आहे त्यांना बाजूला घेऊन साखर तपासायला सांगावे, सर्वांसमोर बोट दाखवू नये. शिक्षक असलेल्या बांधवांनी काळ्या मानेच्या मुलाला घासायला नव्हे, दवाखान्यात पाठवावे. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गोड सरबताच्या टेबलाशेजारी साध्या थंड पाण्याचे आणि ताकाचेही टेबल लावावे.

त्या दोन चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले? मुलीने लिंबू-सोडा थांबवला. लग्नापर्यंत आग पूर्ण थांबली, रंग थोडाच उतरला. तिने हवा तसा ब्लाउज शिवला आणि घातला. मुलगा एक दिवस वाचन संपल्यावर मागे थांबला. त्याच्या तपासणीत एचबीए१सी ६.१ निघाले, म्हणजे उंबरठा. मधुमेह अजून झाला नव्हता आणि टाळायला वेळ हातात होता. आता तो रोज संध्याकाळी चालतो. मान अजून काळीच आहे, पण तो ती घासत नाही.

जय भीम!